बोट ठेवायचा रविवार

शांतवन खिलारे गेल्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या सरकारी रुग्णालयात वारले. दुपारची वेळ होती. दाखल्यावर मृत्यूचं कारण म्हणून मूत्रपिंडं निकामी झाल्याचं लिहिलं आहे. दुसऱ्या दिवशी कुंडलजवळच्या आमच्या गावात त्यांना माती देण्यात आली.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चला जाणाऱ्या आम्हा घरांत, कुणाचाही अंत्यविधी असला की माणसं एकेक करून उभी राहतात आणि गेलेल्याच्या आयुष्यात देवाने काय चांगलं केलं ते सांगतात. याला साक्ष देणं म्हणतात. खिलारे यांच्या अंत्यविधीत साक्ष झाली नाही. तशी त्यांची सूचना होती आणि ती त्यांनी पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, दिली होती. तेव्हा त्यांच्या पत्नी आणि मी तिथे होतो.

मी त्याच मंडळीतला. सांगलीत एका दैनिकात काम करतो. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं पाहिलेलं आहे. जे पाहिलेलं नाही, ते कुणी सांगितलं हे त्या त्या ठिकाणी दिलं आहे.

गाव त्यांना ड्रेसरमामा म्हणायचं. मूळचे रहिमतपूरचे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी ड्रेसर म्हणून नोकरी केली. जखम धुणं आणि पट्टी बांधणं हे त्यांचं काम. ऊसतोडणीत कोयता लागलेले पाय, रसवंतीच्या चरकात सापडलेली बोटं, चिघळलेली गळवं. माणूस उंच, मोठ्या हाडाचा, खांदे किंचित पुढे झुकलेले. नखं इतकी कापलेली की बोटांची टोकं उघडी दिसायची. अंगाला औषधी साबणाचा वास. तो वास नोकरी संपल्यावरही गेला नाही, कारण नोकरी संपल्यावरही ते तोच साबण वापरत. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला, तो कोणत्याही धर्माचा असो, ते हात कपाळाला नेऊन "सलाम" म्हणत. आमच्या मंडळीत हीच रीत आहे, पण बाकीचे ती आपसात पाळतात.

त्यांच्या बोलण्यात दोन वाक्यं वारंवार येत. पहिलं दवाखान्यातलं: "झाकायच्या आदी धुवायचं." घाई करणाऱ्या नातेवाइकांना ते हे ऐकवत. पेशंट ओरडत असे, मामा धूत असत. एकदा एका माणसाने त्यांना आईवरून शिव्या दिल्या. मामा म्हणाले, "दे, दे. शिव्या देणारा पेशंट जिता असतोय. गप पडलेला बघून मला भ्या वाटतं."

दुसरं वाक्य होतं, "बोट ठेवा." दवाखान्यात आलेला माणूस सांगायचा, "मामा, सगळं अंग दुखतंय." मामा म्हणायचे, "सगळं कुणाचंच दुखत न्हाई. बोट ठेवा." माणूस बोट ठेवायचा, आणि मामा कामाला लागायचे.

रविवारी सकाळी ते मुलांची शब्बाथ शाळा घेत. चर्चच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत सतरंजीवर मुलं बसायची. मामा विचारायचे, "देव कसा हाय?"

मुलं ओरडायची, "चांगला!"

"कशावरनं?"

या दुसऱ्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर चालत नसे. त्या आठवड्यात घडलेलं काहीतरी सांगावं लागे. बाबांना पगार मिळाला. आजीचा ताप उतरला. एक मुलगा म्हणाला, "आज घरात मटण हाय." मुलं हसली. मामा हसले नाहीत. "बराबर हाय," म्हणाले. "बोट ठेवलं त्येनं."

मोठ्यांच्या उपासनेत ते पेटी वाजवत. पेटी जुनी होती, एक सूर दाबला की दाबलेलाच राहायचा. मामा तो डाव्या हाताच्या करंगळीने उचलत आणि वाजवत राहत. नव्या पेटीची गोष्ट निघाली की म्हणत, "हिची खोड मला ठावं हाय. नवीची खोड कवा कळायची?"

वर्षाच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे उपकारस्तुती असते. सरत्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानायचे. पूर्वी प्रत्येक घरातलं कुणीतरी उभं राहून "देवाचे अनंत उपकार" म्हणायचं आणि बसायचं. मामा मंडळीचे वडील म्हणून निवडून आले, म्हणजे कारभार बघणाऱ्या चार-पाच जणांत आले, तेव्हा त्यांनी ही पद्धत बदलली. सभेत ते म्हणाले, "अनंत म्हंजे किती? पोस्टातल्या शिक्क्यावानी दणादणा आभार मानताय. देवाला काय कळायचं, कशाचं? एकेकानं बोट ठेवून सांगा."

तेव्हापासून पद्धत अशी झाली: घरातला एक जण उभा राहतो. वर्षात देवाने केलेली एक ठरावीक गोष्ट सांगतो. मग पेटीवर सूर दिला जातो आणि सगळी मंडळी एका आवाजात म्हणते, "देव चांगला आहे." गोष्ट ठरावीक नसेल तर सूर नाही, आणि सूर नाही तर प्रतिसाद नाही. त्या दिवसाला गाव बोट ठेवायचा रविवार म्हणू लागलं. शेजारच्या मंडळ्यांतून लोक बघायला येत.

नियम मामा कडक पाळत. सगुणाआजी मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. त्या उठून म्हणाल्या, "सगळ्यासाठी उपकार." सूर आला नाही.

"आजी, बोट ठेवा," मामा पेटीमागून म्हणाले.

"आरं, सगळंच त्येनं दिलं की."

"सगळ्यातलं एक सांगा."

"एक सांगितलं तर बाकीच्याला राग येत न्हाई व्हय?"

मंडळी हसू लागली. मामा थांबून राहिले. आजी काठीवर रेलून विचार करत होत्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, "म्हस व्याली! घे. वाजव आता."

मामांनी सूर दिला. देव चांगला आहे, मंडळी म्हणाली. म्हशीची गोष्ट पुढे बरीच वर्षं सांगितली जायची.

मामांना मूल उशिरा झालं. एकच मुलगा, आशिष. तो पलूसला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डिंग करायचा आणि मंडळीच्या गायकगटात ढोलकी वाजवायचा. बाप पेटीवर आणि मुलगा ढोलकीवर असे दोघे उपासनेत समोरासमोर बसत. मामा लय ओढायचे, आशिष ती पळवायचा. उपासना झाल्यावर आवारात वाद व्हायचा. "घाई कसली रं तुला? देव काय गाडी पकडायला चाललाय व्हय?" मामा म्हणत. आशिष म्हणे, "तुमच्या चालीनं गेलो तर शेवटच्या गाण्यापातूर नवं साल लागंल."

नाताळच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे गीतफेरीचा आठवडा. तरुण पोरं जीप करून आजूबाजूच्या गावांतल्या ख्रिस्ती घरी जातात, अंगणात गाणी म्हणतात, चहा-केक घेतात आणि पुढच्या घराला निघतात. हाच आठवडा ऊसहंगामाचाही असतो. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर लोंबतो, त्यामुळे मागचे दिवे असले तरी झाकले जातात. बऱ्याच ट्रॉल्यांना दिवे नसतातच.

मामांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. नाताळच्या आधीच्या मंगळवारी दिवस मावळताना गीतफेरीची जीप कुंडलच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॅक्टरचं चाक पंक्चर होतं आणि चालक जॅक आणायला गेला होता. जीप हमीद चालवत होता. पलूसचे गादीवाले रशीदभाई यांचा तो मुलगा. हमीद आणि त्याच्या शेजारी बसलेला आशिष जागीच मेले. मागे बसलेले सगळे वाचले. त्यांत पाळकसाहेबांचा मुलगा जोएल होता. तेव्हा तो कॉलेजात शिकत होता. त्याचं कपाळ फाटलं होतं.

जखमींना आधी आणलं गेलं. दवाखान्यात त्या वेळी मामांची पाळी होती. पुढचं तिथल्या परिचारिकेने सांगितलं, आणि जोएलला स्वतंत्रपणे विचारल्यावर त्यानेही तेच सांगितलं. डॉक्टर टाके घालत होते आणि मामा जखम धूत होते. जोएल शुद्धीवर होता. त्याने डोळे मिटून घेतले होते. मामांनी विचारलं, "आशिष कुठल्या गाडीतनं येतोय?" जोएलने डोळे उघडले नाहीत. मामांनी पुन्हा विचारलं नाही. तेवढ्यात दारात स्ट्रेचर आलं. त्यावरच्या माणसाच्या पायात आशिषचे बूट होते. परिचारिका म्हणाली, "मामा, तुम्ही सोडा, मी बांधते." मामा म्हणाले, "धुतलेलं हाय. उघडं ठेवू नये." त्यांनी जोएलच्या कपाळाला पट्टी बांधली, टोक चिकटवलं, हात धुतले, आणि मग ते दाराकडे गेले.

त्या वर्षी मंडळीत नाताळचा केक कापला गेला नाही.

पुढचा रविवार वर्षाचा शेवटचा होता. मामा येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते आले आणि पेटीमागे बसले. समोर ढोलकी नव्हती. मार्थामामी, त्यांच्या पत्नी, बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी मागच्या बाकावर होतो.

घरामागून घर उठत गेलं. मुलीचं लग्न जमलं, सूर. बोअरला पाणी लागलं, सूर. मग पाळकांच्या घराची पाळी आली. पाळकीणबाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "त्या जीपमधून माझा जोएल जिवंत परत आला. देवानं त्याला राखलं. त्यावर मी बोट ठेवते."

सूर आला नाही.

त्या उभ्याच राहिल्या. कुणी मागे वळून बघितलं नाही. मामांची बोटं पट्ट्यांवर होती, भाता बंद होता. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. कुणाचं तरी तान्हं मूल रडलं आणि आईने त्याला बाहेर नेलं. मग मामांनी भाता ओढला आणि सूर दिला. मंडळी म्हणाली, देव चांगला आहे. म्हणणाऱ्यांचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता.

पाळकीणबाईंनी नंतर मला सांगितलं, की उभं राहिल्यावर त्यांना आपण काय बोलून बसलो ते समजलं होतं. पण बोट ठेवल्यावर उचलता येत नाही. तसाही नियम होता.

खिलाऱ्यांच्या घराची पाळी आली. मामा उठले नाहीत. मार्थामामी उठल्या नाहीत. पाळकसाहेबांनी पुढच्या घराचं नाव घेतलं.

जानेवारीत पाळकसाहेब मामांच्या घरी गेले. सोबत बळवंतराव होते, मंडळीचे वडील आणि मामांचे जुने मित्र. तिथे झालेलं बोलणं मला पाळकसाहेबांनी सांगितलं आणि मार्थामामींनी त्यात दुरुस्ती केली. दोघांचं मिळून ते असं आहे.

बळवंतराव म्हणाले, "शांतवन, देवाची काय तरी योजना असती. त्येनं आशिषला जवळ बोलावलं."

"बोलवायला उसाची ट्रॉली धाडली व्हय?" मामा म्हणाले. "योजना न्हाई, बळवंता. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता."

पाळकसाहेब म्हणाले, की चूक माणसांची होती आणि देवाने ती घडवली असं ते म्हणणार नाहीत.

"मंग जोएलला राखलं ते देवानं, आन आशिष मेला तो ट्रॉलीनं. आसंच ना? एकाच जीपमदी?" मामांचा आवाज चढलेला नव्हता. "पाळकसाहेब, माझा तुमच्या पोरावर राग न्हाई. पट्टी मीच बांधली. पण वाक्य दोन्ही अंगानं चालवून बघा. पोरगं वाचलं म्हणून देव चांगला. मंग पोरगं गेलं, म्हणून देव कसा? मंडळीला ह्ये निम्मं वाक्य मीच शिकवलं. म्हस व्याली म्हणून चांगला. मेली आसती तर आजीनं काय म्हणायचं हुतं, ते शिकवलंच न्हाई."

पाळकसाहेबांनी मग त्यांच्याजवळचं सगळ्यात मोठं उत्तर दिलं. ते म्हणाले, "मामा, देव लांब उभा राहून बघत नाही. त्यानंही क्रुसावर मुलगा गमावलाय. तुमच्या दुःखात तो आत आहे. म्हणूनच आपण त्याला चांगला म्हणतो."

मामा म्हणाले, "त्येचा तिसऱ्या दिवशी परत आला."

मार्थामामी सांगतात, की मामांनीच पुढे म्हटलं, "माझाबी येणार म्हणता शेवटच्या दिवशी. येईल. न्हाई म्हणत न्हाई मी. तवर रविवारी उभं ऱ्हाऊन काय म्हणायचं, तेवढं सांगा."

जाताना बळवंतराव उंबऱ्यावर थांबले. "विश्वास उरला नसंल तर पेटी सोड गड्या. उगं मंडळीचं मन मोडू नको."

"विश्वास न्हाई आसं कोण म्हणलं?" मामा म्हणाले. "मी शिव्या देणारा पेशंट हाय. गप पडलो की मंग बघायला ये."

पेटी त्यांनी सोडली नाही. दर रविवारी येत, वाजवत. गाणी म्हणत नसत. पूर्वी ते वाजवता वाजवता गात. आता ओठ मिटलेले असत. वर्षाच्या शेवटच्या रविवारी घराघरांच्या बोटांना सूर देत आणि स्वतःच्या घराच्या पाळीला बसून राहत. अशी बरीच वर्षं गेली. खिलाऱ्यांचं घर वगळायची मंडळीला सवय झाली. घरी जेवणाआधी प्रार्थना करायची त्यांची पद्धत होती. ती त्यांनी मोडली नाही, पण शब्द सोडले. ताटावर हात ठेवून ते थांबत आणि मग घास घेत. मार्थामामी त्यांना म्हणाल्या, "आवं, काय तरी म्हणा की. अन्न गार हुतंय."

"म्हणायजोगं खरं सापडलं की म्हणीन," ते म्हणाले. "त्येच्याम्होरं खोटं बोलायचं न्हाई, एवढंच माझ्यापाशी उरलंय."

शब्बाथ शाळा त्यांनी स्वतःहून सोडली. कारण विचारल्यावर म्हणाले, "कशावरनं ह्यो प्रश्न मला लेकरास्नी इचारता येत न्हाई."

निवृत्तीनंतर ऊसहंगामात ते एक काम करू लागले. लाल चमकणाऱ्या पट्टीची भेंडोळी घेऊन ते कुंडलच्या रस्त्याला चहाच्या टपरीपाशी उभे राहत. ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॉल्या चहाला थांबल्या की मागच्या फळीवरची माती ओल्या फडक्याने पुसत, वाळू देत आणि मग पट्टी चिकटवत. चालक घाई करायचे. "मामा, लाव की तशीच, कारखान्यावर नंबर जाईल." मामांचं उत्तर ठरलेलं असे: झाकायच्या आधी धुवायचं. एक चालक चेष्टेने म्हणाला, "मामा, पुण्य लागतंय व्हय ह्याचं?"

"पुण्याचा हिशेब तुमच्यात," मामा म्हणाले. "आमच्यात फुकट सुटका हाय म्हणत्यात. हल बाजूला."

पहिल्या दोन हंगामांनंतर रशीदभाई त्यांच्या सोबत उभे राहू लागले. हमीदचे वडील. गादीच्या दुकानातून दुपारी सुटले की येत. दोघे फार बोलत नसत. एका डिसेंबरात मी त्या रस्त्याने जाताना थांबलो होतो. टपरीवर चहा घेताना मामांनी रशीदभाईंना विचारलं, "तुमी नमाज सोडली न्हाई?"

"न्हाई."

"तवाबी?"

"त्या दिवशी सांजची, मगरीबची, उशिरा झाली. सोडली न्हाई."

"काय म्हणून पढता?"

रशीदभाईंनी कप खाली ठेवला. "काय म्हणून म्हंजे? तो हाय म्हणून."

"म्हंजे ताकदवान हाय म्हणून." मामा म्हणाले. "ताकदीम्होरं कोणबी वाकतंय, रशीदभाई. कारखान्याचा चेअरमन आला की सगळं गाव वाकतंय. मला तसं वाकायचं न्हाई. मला त्येला चांगला म्हणायचंय, आन ते जिभंवर येत न्हाई. ह्यो माझा घोळ हाय."

"ताकदीला कोण वाकतंय?" रशीदभाई म्हणाले. "आमीबी आदी रहमानच म्हणतो. रहीम म्हणतो. दया करणारा. रोज म्हणतो."

"कशावरनं म्हणता?"

"कशावरनं न्हाई." रशीदभाई म्हणाले. "मामा, मी कशावरनं म्हणाया लागलो तर दुसऱ्या दिवशी म्हणणार न्हाई. हमीदच्या आईचं नाव मी रोज घेतो. तिनं आज काय रांधलं ते बघून घेत न्हाई."

"आन तिनं उपाशी ठेवलं तर?"

"तर भांडंन. पर नाव तेच घीन."

एक ट्रॉली येऊन थांबली. दोघे उठले. एकाने फळी पुसली, दुसऱ्याने पट्टी कापली.

वारले त्याच्या आदल्या वर्षी मामांची मूत्रपिंडं बिघडली. सांगलीला डायलिसिस सुरू झालं. पायाला सूज असायची. पेटीचा भाता ओढताना दम लागू लागला, तेव्हा त्यांनी जोएलला बोलावून घेतलं. जोएल आता औषधाच्या दुकानात काम करत होता. त्याच्या कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत पांढरी रेघ आहे. मामांनी त्याला दाबलेला राहणारा सूर दाखवला आणि तो करंगळीने कसा उचलायचा ते शिकवलं. जोएलने मला सांगितलं, की शिकवताना मामांनी एकदा त्याच्या कपाळावरच्या रेघेवर बोट ठेवून बघितलं आणि "नीट भरली" एवढं म्हणाले. अपघाताबद्दल त्या दोघांत झालेलं हे एकच बोलणं.

त्या वर्षीच्या शेवटच्या रविवारी पेटीवर जोएल होता. मामा दुसऱ्या रांगेतल्या बाकावर बसले होते. खिलाऱ्यांच्या घराची पाळी आली तेव्हा पाळकसाहेब सवयीप्रमाणे पुढचं नाव घेणार, इतक्यात मामांनी समोरच्या बाकाला धरलं आणि ते उठले. मार्थामामींनी बायकांच्या बाजूने येऊन त्यांचा दंड धरला.

"देव चांगला हाय," मामा म्हणाले.

मंडळी थांबली. पद्धतीप्रमाणे हे वाक्य मंडळीने म्हणायचं असतं. उठलेल्या माणसाने त्याआधीची गोष्ट सांगायची असते.

पाळकसाहेबांनी हळू विचारलं, "मामा, बोट?"

"बोट कुठं ठेवायचं ते मला म्हाईत न्हाई," मामा म्हणाले. "लय जागा बघितल्या. सापडली न्हाई. तरीबी म्हणतोय."

ते उभेच राहिले. जोएलची बोटं पट्ट्यांवर होती. त्याने वडिलांकडे बघितलं. पाळकसाहेब खाली बघत होते. बळवंतराव पहिल्या रांगेतून स्पष्ट आवाजात म्हणाले, "नियम त्येचाच हाय. सगुणाआजीला त्येनंच उभं केलतं." बळवंतरावांचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून होतं. मामांनीही मान हलवली.

सूर आला नाही. मार्थामामींनी त्यांना खाली बसवलं. पाळकसाहेबांनी पुढच्या घराचं नाव घेतलं.

उपासनेनंतर मी आवारात त्यांच्याशी बोललो. राग आला का, असं विचारलं. ते म्हणाले, "राग कशाचा? पयल्यांदा खरं बोललो. मंडळीला सवय न्हाई." मग म्हणाले, "तिथं नसलेलं कारण चिकटवून दिलं आसतं, तर वाजलं आसतं. माती न पुसता पट्टी."

रुग्णालयात मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ऑगस्टच्या सुरुवातीला. हातातल्या सुईची जागा चिघळली होती. एक तरुण परिचारिका तिथे नवी पट्टी लावायला आली. "आदी धू, बाय," मामा म्हणाले. तिने धुतलं. त्यांना दुखलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले आणि शिवी दिली. शिवी परिचारिकेला नव्हती. ती आढ्याकडे बघून दिली होती. मार्थामामी म्हणाल्या, "आवं, देवाचं माणूस ना तुमी?" मामा म्हणाले, "म्हणून तर त्येला दिली."

त्याच दिवशी पाळकसाहेब आले. मामांनी त्यांना अंत्यविधीची सूचना दिली. "माझ्या मातीला कुणी बोट ठेवू नका. वाचा, प्रार्थना करा, झाका." पाळकसाहेबांनी विचारलं, "गाणं?" मामा म्हणाले, "जोएलला सांगा. पर लय ओढू नगा म्हणावं. आशिषला आवडत न्हाई."

अंत्यविधी त्याप्रमाणे झाला. रशीदभाई दफनभूमीच्या दाराशी शेवटपर्यंत उभे होते.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मंडळीत बोट ठेवायचा रविवार पाळला गेला. मी कामावर होतो. पुढचं पाच जणांना विचारून लिहिलं आहे. खिलाऱ्यांच्या घराचं नाव घेतलं गेलं. मार्थामामी उठल्या नाहीत. शेवटी पाळकांच्या घराची पाळी आली. पाळकीणबाई उठल्या नाहीत. जोएल पेटीमागे उभा राहिला. "देव चांगला आहे," तो म्हणाला. त्याने पुढे काही सांगितलं नाही. पाळकसाहेबांनी काही विचारलं नाही. जोएल खाली बसला आणि त्याने भाता ओढला. मंडळीतून प्रतिसाद आला का आणि कुणाकुणाचा आला, यावर पाच जणांत एकमत नाही. सूर दिला गेला, हे पाचही जण सांगतात.